निर्भेळ

गेल्या ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे रानातलं पीक सरकारी ॲपवरून सातबाऱ्यावर नोंदवायला, गावी गेलो होतो. वडिलांच्या वाटणीचं साडेतीन एकर माझ्या नावावर आहे, कसतो चुलतभाऊ. सातबारा माझा, मोबाइलवर येणारा ओटीपीही माझाच, म्हणून वर्षातून एकदा पुण्याहून जायचं, चिखलात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि परत फिरायचं, एवढंच माझं शेतकरीपण उरलंय. त्या दिवशी ऊन असं होतं की स्क्रीनवरचं काही दिसेना. डोक्यावर रुमालाचा आडोसा करून, येणाऱ्या-जाणाऱ्या रेंजची मनधरणी करत एकेक रकाना भरत होतो. ॲपनं पिकाचा वर्ग विचारला. निर्भेळ की मिश्र? समोर सोयाबीनच्या चार ओळी, मग तुरीच्या दोन, पुन्हा सोयाबीनच्या चार, अशी आखून दिल्यासारखी पेर उभी होती. उत्तर डोळ्यांपुढंच होतं. पण मिश्र म्हटलं की प्रत्येक पीक वेगळं भरा, त्याचं क्षेत्र वेगळं काढा. आणि माझी गाडी चारची. मी ‘निर्भेळ’वर बोट ठेवलं, सोयाबीन निवडलं, फोटो काढला आणि पाठवून मोकळा झालो.

तेवढ्यात बांधाकडून मोठी आई, माझी थोरली चुलती, आली. लुगड्याचा ओटा पाल्यानं फुगलेला, हातात विळा. “काय लिवलास रे बाबा?” म्हणाली. सोयाबीन, म्हटलं. “अन् तूर?” “सगळं सोयाबीनच लिहिलंय, मोठी आई. तसं चालतं.” चालत नव्हतं, पण तिला काय कळणार, असं मला वाटलं. ती जराशी थांबली, माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं आणि हसत म्हणाली, “अन् माझी अंबाडी?”

मीही हसलो. तिनं ओट्यातला अर्धा पाला पेपरात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. एसटीत सोलापूर येईपर्यंत तो पार मलूल झाला होता आणि पिशवीतून आंबूस वास येत होता.

हे तेवढ्यावर संपलं असतं. पण जानेवारीत तूर झाली. हमीभाव साडेसात हजारांच्या वर होता, बाजार त्याच्या खाली. चुलतभाऊ खरेदी केंद्रावर नोंदणीला गेला तर माझ्या सातबाऱ्यावर तूरच नाही. असणार कुठून? तिथं मीच निर्भेळ सोयाबीन लिहून आलो होतो. पाच क्विंटल तूर त्यानं आडतीवर टाकली आणि पैसे घेऊन घरी आला. मला फोनवर एवढंच म्हणाला, “असू दे, होतंय.” दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसला आहे. निर्भेळ. निर्भेळ दूध, निर्भेळ तूप, निर्भेळ आनंद. म्हणजे ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते चांगलं, आणि मिसळलं की झाली भेसळ. शेतीच्या कागदात हा शब्द कुणी आणला माहीत नाही, पण तो आला आणि एकाच पिकाच्या रानाला फुकटात सोवळं नेसवून गेला. घरी वडिलांची पत्र्याची पेटी आहे. एका रविवारी ती उघडून जुने सातबारे काढले. तलाठ्याच्या हातचे, निळी शाई फुटलेले, घड्यांवर विरलेले. खालचा भाग गाव नमुना बाराचा. त्यात आधी रकाने येतात ते मिश्र पिकांचे: ‘मिश्रणाचा संकेत क्रमांक’, ‘घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र’. निर्भेळ पिकाचे त्यांच्यानंतर. ज्यानं हा नमुना आखला त्याच्या डोळ्यांपुढचं रान बहुधा मिसळीचंच असावं. नाही तर मिश्रणाला संकेत क्रमांक देण्याचा उपद्व्याप कोण करेल? आमच्या कागदांवर त्या रकान्यांत ज्वारी, तूर, मूग दिसतात. पुढच्या वर्षांत ते रकाने ओस पडत जातात आणि उजवीकडं एकटं ‘सोयाबीन’ येऊन बसतं. अंबाडी मात्र कुठंच नाही. अगदी जुन्यातल्या जुन्या कागदावरही नाही.

ज्वारी-तुरीच्या त्या पेरणीची एक आठवण अजून पक्की आहे. तिफणीवर आजोबा. चाड्यावर मोठी आई, तेव्हा तरणी, मुठीतून ज्वारी अशी सोडायची की तिन्ही नळ्यांत बरोबर तिसरा वाटा पडावा. आणि तिफणीच्या मागं दोरीनं बांधलेली मोघण, ती धरायला माझी आई. मोघण म्हणजे वर वाटीसारखं तोंड असलेली एक लांब नळी. तिच्यातून तूर जायची. आईच्या कमरेला फडकं, फडक्यात तूर आणि मूग, आणि त्यातच तिनं कुणाला न विचारता मिसळलेली चिमूटभर अंबाडी, तीळ, वाळकाच्या बिया, शेंदाडाच्या बिया. आजोबांना हे ठाऊक असायचं. ते मागं वळून बघायचे नाहीत. पेरलं कुणी हे न विचारता पुढं श्रावणात ज्वारीच्या सावलीत वाळूक सापडलं की पहिली फोड मात्र तेच मागायचे.

‘शेंदाड शिपाई’ हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, शेंदाड खाल्लेला माणूस हल्ली शोधावा लागतो. मूठभर फळ, पिकलं की आपसूक तडकतं, आणि ज्वारीत शिरल्यावर दिसायच्या आधी वासानं सापडतं. चव म्हणाल तर यथातथाच. पिठूळ, किंचित आंबट. पण तो वास! शाळेतून येताना आम्ही भावंडं नाक वर करून हिंडायचो.

त्या रानातून घरात काही ना काही येतच राहायचं. पोळ्याच्या आत मूग. मग हिरव्या पाल्याची अंबाडी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाचं कच्चं तेल. दिवाळीच्या मागंपुढं ज्वारी आणि कडबा. संक्रांतीला तूर. अंबाडीचे दांडे ओढ्यात कुजत घातले की पंधरा दिवस त्या वाटेनं नाक दाबून जायचं, आणि नंतर त्याच घाण वासातून पांढराशुभ्र वाख निघायचा. आजोबा तो मांडीवर वळत बसायचे. दावं, कासरा, बाजेचं सुंभ. आमच्या घरात दोरी विकत आणलेली मला आठवत नाही.

हे कसं चालतं याची उकल मला फार उशिरा झाली, तीही अर्धवट. इंजिनिअर माणूस, पिकाच्या मुळाशी कधी गेलो नव्हतो. गेल्या वर्षीच्या त्या फेरीत चुलतभावानं सोयाबीनचं एक झाड उपटून दाखवलं. मुळांना राळ्यापेक्षा मोठ्या, हरभऱ्यापेक्षा लहान अशा गाठी. त्यानं एक गाठ नखावर फोडली. आतून लालसर गुलाबी. “गुलाबी हाय म्हंजी काम चालू हाय,” तो म्हणाला. “आतून हिरवी-मातकट झाली की संपलं तिचं.” हवेतला नत्र पकडणारे जिवाणू त्या गाठीत राहतात, आणि तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या भावंडाचा, हे मी नंतर वाचलं. वाचण्याआधी नखावरचा तो डाग बघून मला रक्तच वाटलं होतं.

तुरीचं झाड त्याला उपटता आलं नाही. वाकवून बघितलं, हलेना. तिचं सोटमूळ खाली खाली जात राहतं. सोयाबीन वरच्या वीतभर-दोन वीत मातीत भागवून घेतं, तूर त्याच्या कितीतरी खालून पाणी ओढते. शिवाय तूर सुरुवातीला आळशी. सोयाबीन शंभर-एक दिवसांत उरकून निघून जातं तोवर ही बिचारी अंग चोरून उभी; ते गेलं की मग हातपाय पसरते. एकाच जागेसाठी दोघांचं भांडण लागत नाही, कारण दोघांच्या वेळाच वेगळ्या. तूर जाताना पानं गाळून जाते, त्याचा कस, म्हणजे बेवड, पुढच्या पिकाला. (पुण्यात हा शब्द वापरला की लोक हसतात. बेवड आणि बेवडा. मी आता समजावणं सोडून दिलं आहे.) आणि ज्वारी? हैदराबादजवळ पटानचेरूला इक्रिसॅट ही शेती संशोधन संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी तुरीत ज्वारी घातल्यावर मर रोग कमी होतो हे मोजून दाखवलं. आजोबांनी मोजलं नव्हतं. एकट्या तुरीच्या पट्ट्यात झाडं उभ्या उभ्या वाळताना त्यांनी बघितली होती, एवढंच.

चीनच्या युनान प्रांतातला प्रयोग तर मला गोष्टीसारखा वाटतो. तिथं चिकट भाताची एक जात होती, लोकांच्या आवडीची, पण करप्याला लगेच बळी पडणारी. शेतकऱ्यांनी तिच्या ओळी रोगाला दाद न देणाऱ्या भाताच्या ओळींमध्ये लावल्या. २००० साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले: त्या नाजूक जातीवरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी, उत्पन्न ८९ टक्क्यांनी जास्त. औषध नवं नव्हतं, बी नवं नव्हतं. फक्त शेजार बदलला होता. रोगाला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारायची असते आणि मध्ये परकं कुणी उभं असलं की ती चुकते. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पण मला इथं थांबावं लागतं, कारण मी हे सगळं ज्या खुर्चीत बसून लिहितोय ती सोयाबीननं दिली आहे.

माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी सोयाबीननं भरली. वडिलांनी ज्वारी मोडून सगळं रान सोयाबीनखाली आणलं, दिवाळीच्या तोंडावर बनीम, म्हणजे काढलेल्या पिकाची गंजी, मोडली, मळणी यंत्र आलं, आणि दोन दिवसांत हातात रोख पैसा. ज्वारीनं आमचं पोट भरलं असेल, फी भरली नसती. अंबाडीनं तर नाहीच नाही. तेव्हा आई एकदाच म्हणाली होती, “कडबा कुठून आणणार?” वडील म्हणाले, जनावरं विकू. विकली. जनावरं गेली तसं शेणखत गेलं, शेणखत गेलं तशी खताची पोती वाढली. सावकाश, एकेक करत. दर वर्षीचा निर्णय त्या त्या वर्षी बरोबरच होता.

मग २०२२चा खरीप आला. लातूर, धाराशिव, बीडकडं शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं. चुलतभाऊ बॅटरी घेऊन रात्री रानात, सोबत दोन्ही पोरं, हातात पोती. गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. फोनवर मला मागं तो ओला, चिकट आवाज ऐकू येत होता, पोत्यात पोतं ओतल्यासारखा. गोगलगाय काही फार चोखंदळ नसते, पण नजर जाईल तिथवर एकाच वयाची, एकाच चवीची कोवळी पानं म्हणजे तिच्यासाठी पंगतच मांडलेली. दुबार पेरणी झाली. त्याच्या पुढच्या हंगामापासून त्यानं तूर पुन्हा आत घेतली. कुणाचं भाषण ऐकून नाही. एकाच वेळी सगळं जाणं त्यानं एकदा बघितलं होतं.

मी त्याला म्हटलं, ज्वारीही घे ना थोडी. त्यावर तो जे बोलला ते मला कुठल्या लेखात वाचायला मिळालं नव्हतं. “एकट्यानं ज्वारी घेऊन बघ तू. शिवारात सगळ्यांचं सोयाबीन अन् तुझाच एक पट्टा ज्वारीचा. दहा गावची पाखरं तुझ्याकडं जेवायला.” पूर्वी प्रत्येकाची ज्वारी असायची, पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटून जायचं. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायला पोरं होती, आता ती शाळेत आहेत, आणि असायलाच हवीत. पुढं तो म्हणाला, “अन् मोठी आई बोलती मिसळीचं, पर खुरपायला बाया कुठून आणू?” हे खरं आहे. मिसळीच्या रानात तणनाशक मारता येत नाही, अंबाडी मरते, वाळकाचा वेल मरतो. तण हातानं काढावं लागतं. ते हात कुणाचे होते? मोठी आईची बोटं आज सरळ होत नाहीत. खुरपताना तिच्या ओट्यात पाथरी, केना, घोळ, कुर्डूही यायची, संध्याकाळची भाजी व्हायची, आणि आम्ही लेख लिहितो की पूर्वी रानभाज्या किती होत्या. होत्या. कमरेत वाकलेल्या बायका होत्या म्हणून होत्या.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवर त्यांची मडकी, त्यातलं राखेत घोळवलेलं बी दाखवत होते. मोठी आई बातमी बघत म्हणाली, “माझ्या आईची उतरंड ह्याच्याहून उंच हुती.” मग जरा वेळानं, “पर तिनं ठिवलं. आमी नाय ठिवलं.” एवढं बोलून ती जात्याच्या खोलीत काहीतरी शोधायला गेली.

अलीकडच्या एका येळवशीला मी गावी होतो. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेळ अमावास्या समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी एवढंच समजावं की त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, आंबिलाचं बिंदगं, उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे रानात हिरवं जे जे आहे ते एका पातेल्यात: तुरीचे ओले दाणे, वालाचे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ, वरून बेसन. कुणाच्या भज्जीत किती जिन्नस, यावर बायकांची चढाओढ असायची आणि ती चढाओढ खरं तर रानांची असायची. त्या दिवशी वहिनी आदल्या बाजारातून भाजी घेऊन आली होती. वाटाण्याची पिशवी, वालाची पिशवी, मेथीच्या दोन जुड्या. कोपीचा कडबादेखील पेंढी मोजून विकत आणलेला. रानातून आले ते फक्त तुरीचे दाणे आणि हरभरा. भज्जी झाली छान, मी तीनदा घेतली. मोठी आईनं पहिला घास तोंडात घातला, चावला, आणि म्हणाली, “गोड झालीय.” भज्जी गोड नव्हती. आमच्याकडं चांगली झाली म्हणायची तशी पद्धत आहे. पण ती ज्या पद्धतीनं म्हणाली, त्यावरून तिला काहीतरी सापडत नव्हतं असं मला वाटलं. की मीच आपलं शोधत होतो, कोण जाणे.

चुलतभाऊ कितीही कुरकुरला तरी त्याची एक गोष्ट मी बघून ठेवली आहे. तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन तो ओळीनं येतो आणि बांधापासून चार-पाच हात अलीकडं आला की नळीचा खटका सोडतो. फवारा बंद. तेवढा पट्टा मोठी आईचा. तिथं ती स्वतः बी टोकते, स्वतः खुरपते, आणि तिथली अंबाडी या वर्षी माझ्या छातीला लागत होती.

परवा पुन्हा गेलो होतो ई-पीक पाहणीला. या वेळी ‘मिश्र’ निवडलं. सोयाबीन भरलं. तूर भरली, तिचा फोटो दोनदा काढला, नीट आला की नाही ते झूम करून बघितलं. मग यादीत खाली-वर करत अंबाडी शोधली. मोठी आई बांधावर बसून होती. ॲप क्षेत्र विचारत होतं.

“मोठी आई, अंबाडी किती लावलीस?”

“दोन ओळी.”

“तसं नाही, जागा किती?”

“किती म्हंजी?” ती म्हणाली. “घरापुरती.”

मग मी ओळीच्या कडेनं चालत गेलो. एकशे चाळीस पावलं, म्हणजे धरा शंभर मीटर. दोन ओळी, दीड-दीड फुटाच्या. हिशेब केला तर जेमतेम एक आर. रकान्यात ०.०१ हेक्टर लिहिलं आणि रेंज येईपर्यंत फोन वर धरून उभा राहिलो. चारची गाडी केव्हाच गेली होती. मोठी आई अंबाडीच्या बुडाशी वाकून, पाला बाजूला सारून एक वाळूक बोटानं दाबून बघत होती.

“कवळंच हाय अजून,” ती म्हणाली, आणि पाला पुन्हा होता तसा त्याच्यावर ओढला.